चित्रातला पेहराव कोण ठरवतो?

व्यक्तिचित्र म्हणजे चेहऱ्याचे चित्र, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण भिंतीवरचा माणूस ओळखू येतो तो बहुतेक वेळा चेहऱ्याआधी कपड्यांवरून. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावसारख्या तालुक्याच्या गावी शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात तसबिरींची एक रांग असते. काचेवर धूळ बसलेली, खिडकीतल्या उजेडाची तिरीप नेमकी चेहऱ्यावर. तरीही दारातूनच सगळी नावे सांगता येतात. जिरेटोप दिसला की शिवाजी महाराज, पागोटे आणि खांद्यावर उपरणे असले की जोतीराव फुले, डोक्यावर पदर असलेल्या सावित्रीबाई, निळा सूट आणि चष्मा म्हणजे बाबासाहेब आंबेडकर, भगवी वस्त्रे म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ. नाक-डोळ्यांपर्यंत नजर पोहोचायच्या आधीच ओळख पटलेली असते.

चित्रकलेच्या शासकीय ग्रेड परीक्षांना बसणारी मुले हेच तत्त्व नकळत शिकतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांत स्मरणचित्राचा विषय असतो. आठवडी बाजार, वारी, लग्नाची वरात असे प्रसंग त्यात काढायचे. माणसे बोटभर उंचीची, त्यांना नाक-डोळे काढायला जागाच नसते. मग धोतर-पटका म्हणजे शेतकरी, टोपी आणि टाळ म्हणजे वारकरी, खाकी म्हणजे पोलीस. गर्दीत हे चालते. एकाच माणसाचे चित्र काढायचे ठरले की प्रश्न अवघड होतो, कारण त्याच्या अंगावर काय घालायचे हे कुणाला तरी ठरवावे लागते. कधी ते स्वतः तो माणूस ठरवतो, कधी चित्रकार, आणि पुष्कळदा दोघेही गेल्यानंतर लोक ठरवतात. महाराष्ट्रातल्या व्यक्तिचित्रांचा इतिहास या तिन्ही उत्तरांनी भरलेला आहे.

तिसऱ्या उत्तराचे ठळक उदाहरण हिंगोली जिल्ह्यातच आहे. कयाधू नदीकाठचे नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. (जन्म पंढरपूरचा, असे मानणाराही एक पक्ष आहे.) नामदेवांचा काळ 1270 ते 1350. घराणे शिंप्याचे, म्हणजे कापड बेतणे आणि शिवणे हा पिढीजात व्यवसाय. दुसऱ्यांना कपडे शिवणाऱ्या घरातल्या या माणसाच्या स्वतःच्या अंगावर काय होते, हे सांगणारे त्यांच्या हयातीतले एकही चित्र नाही. नंतरच्या चित्रकारांना मोकळे रान मिळाले. महाराष्ट्रातल्या तसबिरींत नामदेव मराठी वारकऱ्यांच्या वेशात उभे असतात, कपाळी गंध, गळ्यात तुळशीची माळ, हातात वीणा किंवा चिपळ्या. पंजाबातल्या गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांनी दीर्घ काळ वास्तव्य केले, असे परंपरा सांगते. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत. तिकडचे भगत नामदेव शीख परंपरेतल्या संतांच्या चित्रांना शोभतील असे, लांब पांढऱ्या दाढीचे आणि तशाच पेहरावाचे. 2015 मध्ये घुमानला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा महाराष्ट्रातून गेलेल्या अनेकांना हे दुसरे नामदेव पाहायला मिळाले. दोन्ही चित्रे तितकीच काल्पनिक आणि दोन्ही तितकीच खरी मानली जाणारी. प्रत्येक प्रांताने संताला आपल्याकडचे कपडे चढवले, इतकेच.

शिवाजी महाराजांच्या चित्राची गोष्ट जरा वेगळी. त्यांच्या काळाला जवळची चित्रे उपलब्ध होती, पण बराच काळ भलतेच चित्र त्यांचे म्हणून प्रचारात होते. इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून पुस्तकांतून छापले जात असे. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी ही चूक दाखवून दिली आणि डच लेखक व्हॅलेंटाइन याच्या ग्रंथाशी संबंधित असलेले चित्र 1933 मध्ये लोकांपुढे आणले. डच संग्रहांतल्या चित्रांत महाराजांच्या डोक्यावर तुरा खोचलेले, मोत्यांच्या लडी लावलेले पागोटे आहे आणि अंगात त्या काळच्या दरबारी धाटणीचा जामा. आज घरोघरी दिसणारा टोकदार जिरेटोप आणि भरजरी अंगरखा हे रूप पक्के केले ते विसाव्या शतकातल्या चित्रकारांनी, रंगभूमीने आणि चित्रपटांनी. महाराष्ट्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारलेले महाराजांचे चित्र कोल्हापूरचे जी. कांबळे यांनी रंगवलेले आहे आणि कांबळे हे चित्रपटांची पोस्टर रंगवणारे नामांकित कलावंत होते. ‘मुघल-ए-आझम’ची पोस्टरेही त्यांच्याच हातची. दुरून दिसले पाहिजे, एका नजरेत कळले पाहिजे, ही पोस्टरची शिस्त सरकारी कार्यालयाच्या भिंतीवरही कामाला आली. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

चित्रासाठी बसलेल्या माणसाने स्वतःच आपला पेहराव ठरवल्याचा पुरावा पेशवाईच्या अखेरीस मिळतो. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार 1792 ते 1795 या काळात पुण्यात होता. इंग्रजांचा पुण्यातला रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या ओळखीने त्याला दरबारात प्रवेश मिळाला. सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांचे त्याने 1792 मध्ये रंगवलेले चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. महादजी शिंद्यांचेही व्यक्तिचित्र त्याने केले. त्याच्या हाताखाली काम करणारा गंगाराम तांबट हा पुण्याचा कलावंत वेरूळच्या लेण्यांच्या रेखाटनांसाठी ओळखला जातो. या चित्रांतल्या माणसांना आपण कसे दिसावे हे नेमके माहीत होते. तरुण पेशव्याच्या अंगावर रत्ने आणि मोती, शेजारी नाना मात्र जवळजवळ सगळे पांढऱ्यात, दागिना बेताचा. राज्य प्रत्यक्षात चालवणाऱ्या माणसाला चकाकण्याची गरज नव्हती. पगड्यांचीही त्या काळी स्वतंत्र भाषा होती. शिंदेशाही, होळकरी, गायकवाडी, ब्राह्मणी अशा बांधणीच्या पद्धतींवरून माणूस कुठल्या दौलतीतला, कुठल्या जातीचा हे समोरच्याला कळे. पुणेरी पगडीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा ती सत्कार-समारंभापुरती उरली होती.

कपडे ओळख सांगतात म्हणूनच ते मुद्दाम बदलून समोरच्याला अडचणीतही आणता येते. जोतीराव फुल्यांनी हे करून दाखवले. मार्च 1888 मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी झाली. उंची पोशाखातल्या पाहुण्यांमध्ये फुले गरीब शेतकऱ्याच्या वेशात हजर झाले आणि राणीच्या या मुलासमोर त्यांनी भाषण केले. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या लेखकाने तेच म्हणणे त्या दिवशी अंगावर घातले होते. गंमत अशी की भिंतीवरच्या तसबिरीत फुले नेहमीच्या पागोट्यात, शालजोडीत, नीटनेटके बसलेले असतात. मेजवानीतला तो वेश लोकांच्या आठवणीत राहिला, चौकटीत मात्र आला नाही.

मुंबईत 1857 मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले आणि समोर माणूस बसवून त्याचे हुबेहूब चित्र काढण्याचे युरोपीय शिक्षण इथल्या मुलांना मिळू लागले. पेस्तनजी बोमनजी, महादेव विश्वनाथ धुरंधर, सावळाराम लक्ष्मण हळदणकर, आंतोनियो त्रिंदाद, गोपाळ देऊसकर ही या परंपरेतली काही नावे. या शिक्षणात कापड हा स्वतंत्र अभ्यासाचा भाग असतो. रेशमावर उजेड तुटक, कडक पडतो, सुती कपड्यावर तो पसरतो. इरकलीचा काठ वळणावर कसा दुमडतो, नऊवारीचा कासोटा बसल्यावर कुठे ताणला जातो, हे पाहिल्याशिवाय काढता येत नाही. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये तर चेहरा एका चित्रकाराने आणि कपडे दुसऱ्याने रंगवण्याची पद्धत होती. जोसेफ व्हॅन आकेन हा फक्त वस्त्रे रंगवण्यासाठी इतका नावाजला होता की अनेक मोठे चित्रकार आपले कॅनव्हास त्याच्याकडे पाठवत. चेहरा ज्याचा त्याचा, पण रेशीम सगळ्यांना एकाच हातचे.

राजा रविवर्मा केरळचे, पण त्यांच्या चित्रांतल्या बायकांच्या अंगावर मराठी लुगडे कसे आले याची चर्चा अजून होते. बडोद्याच्या गायकवाडांचे काम, मुंबईतले वास्तव्य आणि 1894 मध्ये मुंबईत सुरू केलेला शिळाछापखाना यांमुळे त्यांचा या प्रदेशाशी जवळचा संबंध आला. पुराणातल्या नायिकांना कुठल्याच एका प्रांताचा नसलेला, तरी सगळ्यांना आपला वाटेल असा वेश त्यांना हवा होता. 1889 च्या त्यांच्या एका प्रसिद्ध चित्रात वेगवेगळ्या प्रांतांच्या अकरा स्त्रिया वाद्ये घेऊन एकत्र बसल्या आहेत आणि प्रत्येकीचा प्रांत तिच्या पेहरावावरूनच ओळखायचा आहे. छापखान्यातून निघालेल्या स्वस्त तसबिरींनी लक्ष्मी-सरस्वतींना साडीत घरोघरी पोहोचवले. देवींचा वेश चित्रकाराने ठरवला आणि चार पिढ्यांनी तो देवींचाच म्हणून स्वीकारला.

धुरंधरांचे काम याच्या शेजारचे, पण त्यात एक अडचण आहे. कोल्हापूरला 1867 मध्ये जन्मलेले धुरंधर पुढे जे. जे. स्कूलचे संचालकपद सांभाळणारे पहिले भारतीय ठरले. मुंबईच्या रस्त्यावरची माणसे त्यांच्याइतक्या बारकाईने फार थोड्यांनी टिपली. एस. एम. एडवर्ड्स यांच्या मुंबईवरील पुस्तकासाठी आणि पुढे ऑटो रॉथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील ग्रंथासाठी त्यांनी चित्रे केली. कोळीण, पारशीण, प्रभू स्त्री, नायकीण अशी ती मालिका आहे. लुगड्याची नेसण, नथीचा आकार, अंबाड्यातले फूल, सगळे अचूक. पण त्या बाईचे नाव नाही. ती एक माणूस नसून जातीचा नमुना आहे. ब्रिटिश सरकारने 1868 ते 1875 या काळात भारतातल्या लोकांवर छायाचित्रांचे आठ खंड प्रसिद्ध केले होते. तिथेही हाच दृष्टिकोन, पेहराव अधिक जात बरोबर ओळख. धुरंधरांच्या रेषेत जिव्हाळा आहे आणि सरकारी खंडांत तो नाही, हे मान्य करूनही नाव नसल्याची उणीव राहतेच.

सेनगाव परिसरात ही उणीव सर्वांत जास्त वाट्याला आली ती बंजारा स्त्रीच्या. तालुक्यात अनेक तांडे आहेत. तांड्यावरच्या स्त्रीचा पारंपरिक पोशाख म्हणजे घेरदार फेटिया, आरसे आणि भरतकाम असलेली कांचळी, डोक्यावरची टुकरी, दंडापर्यंत भरलेला चुडा आणि कानाशेजारी केसांत गुंफलेल्या घुगरी-टोपली. हे सगळे नुसते अलंकार नाहीत. बाई लग्नाची आहे की नाही, नवरा हयात आहे की नाही, हे चुडा आणि घुगरीवरून समजते. चित्रकारांना आणि छायाचित्रकारांना हा वेश फार आवडतो. कॅलेंडरपासून प्रदर्शनांपर्यंत ‘बंजारा स्त्री’ या नावाची असंख्य चित्रे आहेत आणि त्यांतल्या बहुतेक स्त्रिया निनावी आहेत.

या ओळखीला एक कडू बाजूही होती. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि काही भागांत बंजारेही त्याच्या कक्षेत आले. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा समाज आज विमुक्त जातींच्या यादीत आहे. लांबून ओळखू येणारा पोशाख अशा दिवसांत मिरवण्याचा विषय राहत नाही. शाळा, नोकरी, ऊसतोडीचे काम आणि गावाशी वाढलेला संबंध यांमुळे तरुण स्त्रियांनी साडी आणि पुढे पंजाबी ड्रेस स्वीकारला. वजनदार, आरसे लावलेला वेश म्हाताऱ्या बायकांकडे आणि सणावाराकडे गेला. आता तो दुसऱ्या वाटेने परत येतो आहे. वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे स्थान, बंजारा समाजाचे मोठे तीर्थ. तिथे ऑक्टोबर 2024 मध्ये बंजारा वारशाचे संग्रहालय सुरू झाले. लग्नात, सेवालाल जयंतीला, मोबाइलवरच्या फोटोंत मुली आजीचा पोशाख हौसेने घालतात. कर्नाटकातल्या संडूर येथील लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे आणि शहरातल्या कपड्यांच्या दुकानांत आरसेकाम केलेली जाकिटे ‘बंजारा स्टाइल’ म्हणून विकली जातात. ज्या कपड्यांमुळे आजीकडे संशयाने पाहिले जाई, त्यांच्यासाठी शहरातली गिऱ्हाइके आता पैसे मोजतात. फोटोतली नात मात्र निनावी नाही. हा फोटो तिने स्वतः काढून घेतलेला असतो आणि खाली तिचे नाव असते.

नाव हरवण्याचा प्रकार प्रेमाने काढलेल्या चित्रातही घडतो. हळदणकरांनी 1945-46 च्या सुमारास जलरंगात एक चित्र केले. साडी नेसलेली तरुणी हातात समई घेऊन उभी आहे आणि ज्योतीचा उजेड तिच्या बोटांमधून झिरपतो आहे. चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या संग्रहात आहे. तिथे येणारे कित्येक प्रेक्षक ते रविवर्म्यांचेच समजतात. चित्रातली तरुणी हळदणकरांची मुलगी गीता. बापाने लेकीचे चित्र काढले, लोकांनी ‘दिवा घेतलेली स्त्री’ पाहिली. साडी, दिवा आणि पाठीमागचा अंधार या तिघांनी मिळून एका मुलीची सर्वसामान्य भारतीय स्त्री करून टाकली. चित्रकाराचे नाव आणि चित्रातल्या तरुणीचे नाव, दोन्ही एकदमच मागे पडल्याचे असे उदाहरण विरळा.

पेहराव, व्यक्तिचित्र आणि स्वतःची ओळख या तिन्ही गोष्टींची सर्वांत गुंतागुंतीची गाठ मराठीत कुठे पडली असेल, तर ती बालगंधर्वांपाशी. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म 1888, मृत्यू 1967. लहानपणी गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘बालगंधर्व’ म्हटले, असे सांगितले जाते. ‘मानापमान’मधली भामिनी (1911), ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी (1916), ‘एकच प्याला’मधली सिंधू (1919) या त्यांच्या गाजलेल्या स्त्रीभूमिका. 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि कपडेपट हा तिचा खर्चिक अभिमान झाला. खरे शालू, पैठण्या, खरे दागिने, उंची अत्तरे. या डामडौलाचा मंडळीच्या कर्जात वाटा होता, हेही प्रसिद्ध आहे.

प्रेक्षागृहात बसलेल्या बायका या पुरुषाकडून नेसणे शिकत. पदर कसा घ्यावा, नथ कशी शोभते, केसांत गजरा कसा माळावा, याचा आदर्श रंगमंचावरून मध्यमवर्गीय घरांत उतरला. त्या काळच्या सभ्य घरांतल्या बायकांना रंगमंचावर जाण्याची मुभा नव्हती. बाईने बाई म्हणून कसे दिसावे याचा वस्तुपाठ त्यामुळे एका पुरुषाने दिला आणि तो बायकांनी उचलला. ‘एकच प्याला’त मात्र बालगंधर्वांना भरजरी शालू सोडून दारिद्र्यातल्या सिंधूच्या साध्या लुगड्यात उभे राहावे लागले आणि ती भूमिकाही तितकीच गाजली. नटाची ओळख फक्त दागिन्यांत होती, हा आक्षेप तिथे टिकत नाही.

बालगंधर्वांचे चित्र काढायचे तर कुठल्या कपड्यांत? रुक्मिणीच्या वेशात काढले तर नारायणराव राहून जातात. कोट-टोपीत काढले तर ज्यांच्यासाठी लोक मैलोन्‌मैल बैलगाडीने येत, ते बालगंधर्व राहून जातात. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर 26 जून 1968 रोजी, त्यांच्या जयंतीला सुरू झाले. तिथल्या भव्य तैलचित्रांसाठी गोपाळ देऊसकरांनी या प्रश्नाचे सरळ उत्तर दिले आणि दोन्ही रूपे रंगवली, एक पुरुषवेशातले आणि एक स्त्रीवेशातले. कुठले खरे आणि कुठले सोंग, हा निवाडा चित्रकाराने केला नाही. पाहणारा एकाकडून दुसऱ्याकडे नजर नेतो आणि चेहरा तोच असल्याची खात्री करून घेतो. मराठी व्यक्तिचित्रणात पेहरावाच्या प्रश्नाला इतके थेट भिडलेले दुसरे काम दाखवणे कठीण.

मेक्सिकोच्या चित्रकार फ्रिडा काहलो यांनी 1939 मध्ये असाच मार्ग स्वतःच्या चित्रासाठी काढला होता. ‘दोन फ्रिडा’ या चित्रात त्या स्वतःच्याच शेजारी बसल्या आहेत. एकीच्या अंगावर पांढरा युरोपीय झगा, दुसरीच्या अंगावर मेक्सिकोतल्या तेहुआना स्त्रियांचा वेश, आणि दोघींची हृदये एका रक्तवाहिनीने जोडलेली. वडील जर्मन वंशाचे, आई मेक्सिकन. तेहुआना पोशाख फ्रिडा रोजच्या आयुष्यातही घालत. अपघाताने आणि आजाराने अधू झालेले पाय आणि पाठीचा पट्टा त्या घोळदार झग्याखाली झाकला जाई, ही त्याची व्यावहारिक बाजू. देऊसकरांनी दुसऱ्याच्या दोन ओळखी रंगवल्या, फ्रिडांनी स्वतःच्या. अमृता शेरगिल यांनी 1934 मध्ये स्वतःला ताहिती बेटावरच्या स्त्रीच्या रूपात रंगवले, ते तर कधी न घातलेल्या वेशातले आत्मचित्र.

मराठवाड्यातल्या भिंतीवर परत यायचे तर बाबासाहेबांच्या सूटकडे पाहावे लागते. इथे पेहराव बसलेल्याने आणि लोकांनी मिळून ठरवला. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी दलित स्त्रियांना जातीची खूण ठरलेली लुगड्याची आखूड नेसण आणि जड कथिलाचे, चांदीचे दागिने सोडून द्यायला सांगितले. वरच्या जातींतल्या बायकांसारखे घोट्यापर्यंत लुगडे नेसा, हा उपदेश अनेकींनी तिथेच अमलात आणला. कपड्यावरून जात ओळखली जात असेल तर कपडा बदलणे ही कृती होते, हे त्यांना नेमके ठाऊक होते. त्यांचा स्वतःचा कोट-टायचा वेश याच विचारातला. प्रत्यक्षात त्यांची छायाचित्रे विविध आहेत. अचकनमधले बाबासाहेब आहेत, घरात लुंगी नेसलेले आहेत. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतली तेव्हा ते पांढऱ्या रेशमी धोतरात आणि पांढऱ्या कोटात होते. जुनी छायाचित्रे बहुतेक कृष्णधवल असल्याने सूटचा रंग त्यांतून कळत नाही. निळा रंग चळवळीच्या झेंड्यातून आला आणि गावोगावच्या चित्रकारांनी, मूर्तिकारांनी तो सूटला दिला. संसद भवनाच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांचे तैलचित्र 1990 मध्ये लागले, त्याच्या कितीतरी आधी वस्त्यांमधल्या भिंतींवर ते होते.

स्वामी रामानंद तीर्थांच्या बाबतीत एकच वेश आहे, पण तो विषयाला विसंगत वाटतो. व्यंकटेश खेडगीकर यांनी 1932 मध्ये संन्यास घेतला आणि पुढे निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेतृत्व केले. हिंगोलीचा मुलूख तेव्हा हैदराबाद संस्थानात होता आणि शेरवानी हा तिथला दरबारी वेश. राजकीय लढ्याचा नेता भगव्या वस्त्रांत, हे चित्र दर 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, मराठवाड्यातल्या शाळांत हार घालून ठेवले जाते. मुलांना ते एखाद्या मठाच्या स्वामींचे वाटले तर नवल नाही.

कुंचल्याचे काम तालुक्याच्या गावी आता फोटो स्टुडिओ आणि फ्लेक्सवाला करतात. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, गॉगल, गळ्यात साखळी आणि मागे नेत्यांची रांग हा ठरीव वेश आहे आणि त्यातून ‘भाऊ’ किंवा ‘दादा’ तयार होतो. कापड दुकानांत शिवलेली नऊवारी मिळते. नेसण्याची कटकट नाही, पायजम्यासारखी चढवली की झाले. लग्नाआधीच्या फोटोंसाठी आणि हळदीला ती चालते, आणि 2015 च्या ‘बाजीराव मस्तानी’नंतर तर पेशवाई थाटाची मागणी खूप वाढली. ज्या घरांत पेशवाईत कुणी दरबारात पाऊल टाकले नसते, त्या घरांतले नवरा-नवरी फोटोपुरते पेशवे होतात. नाना फडणवीसांच्या काळी पगडीने माणसाचे स्थान सांगितले जाई, आता ती भाड्याने मिळते. पुणेकर इतिहासप्रेमी यावर नाक मुरडतात. पण हौस म्हणून का होईना, आपण कसे दिसावे हे निदान बसलेली माणसे स्वतः ठरवत आहेत.

नोकरीच्या अर्जासाठी पासपोर्ट आकाराचा फोटो काढताना स्टुडिओवाला संगणकावर कोट आणि टाय चढवून देतो. पोराच्या अंगात टी-शर्ट असला तरी अर्जावर तो साहेबासारखा दिसतो. व्हॅन आकेनचे काम आता माउसने होते. पेहराव बिलकूल न मोजणारी ओळख एकच, आधारची. देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावच्या एका महिलेला मिळाला. या पद्धतीत चेहरा, डोळ्यांची बुबुळे आणि दहा बोटांचे ठसे घेतात. अंगावर काय आहे याला त्यात काहीच महत्त्व नाही.

गंमत म्हणजे अनेक घरांत म्हाताऱ्या माणसाचा धड असा एकच फोटो असतो, तो आधार किंवा मतदार कार्डावरचा. माणूस गेल्यावर तोच मोठा करून तसबीर बनवायला स्टुडिओत आणला जातो. मग काउंटरवर जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. बाबांना टोपी घालायची की फेटा? आईला हिरवे लुगडे शोभेल की तिने कधीच न नेसलेली पैठणी? मुले, सुना, जावई आपापली मते देतात. स्टुडिओवाला दोन-तीन नमुने पडद्यावर लावून दाखवतो. भावाभावांचे जमले नाही, तर दोन वेगळ्या वेशांतल्या दोन प्रती काढून देणे त्याला अवघड नसते.